दोघींत एक सूट

१० मार्च

प्रिय आत्या,

फोनवर तू नुसतं हां हां करतेस आणि फोन ठेवला की शेजारणीला विचारतेस, पोरगी काय म्हणत होती. म्हणून हे पत्र. तलावाच्या पाण्यानं तुझे कान नेले, पण डोळे ठेवले, तेवढी त्याची मेहेरबानी.

इथे एक नवल आलंय. ज्या कंपनीचे सूट परदेशातले सगळे मोठे पोहणारे घालतात, तिच्या माणसानं प्रत्येक मोठ्या क्लबाला एकेक सूट दिला. त्याचे बूट इतके चकचकीत की धाकटीनं त्याचं नाव 'आरसा' ठेवलं. आरशानं सूट टेबलावर पसरला आणि आम्ही सगळ्याजणी भोवती गोळा झालो. मानेपासून घोट्यापर्यंत काळा कुळकुळीत, सायकलच्या ट्यूबसारखा. शिलाई नाही, धागा नाही, सगळं चिकटवलेलं. पाठीवर चेन. अंगात घालायला दोघीजणी लागतात. पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायच्या म्हणजे तो घोट्यावरून सरकतो, हातात मोजे घालायचे म्हणजे नख लागत नाही, आणि मग इंच इंच वर ओढायचं. मला घातला तेव्हा धाकटी ओढता ओढता म्हणाली, "ताई, श्वास सोड, नाहीतर तुला अर्धीच पोहायला पाठवावी लागेल." पण पाण्यात उतरल्यावर काय सांगू. बुडावं म्हटलं तरी बुडता येईना. कोणीतरी खालून तळहातावर धरल्यासारखं वाटतं.

आमच्या क्लबात या मापाच्या आम्ही दोघीच, म्हणून शिट्टी सर म्हणाले, तुमच्यात काय ते ठरवा. (सरांच्या तोंडातली शिट्टी अजून जेवतानाही निघत नाही.) पाठीवर पोहायच्या दोनशे मीटरच्या निवडीला आम्ही दोघी आहोत हे तुला माहीतच आहे. जागा एकच. दोन हीट, म्हणजे दोन गट होणार, आधी कमी वेगाच्या मुली, मग जास्त वेगाच्या. दोन्हींत मिळून जिची वेळ सगळ्यांत कमी, ती देशाच्या शिबिराला. मी पहिल्या हीटमध्ये आहे, धाकटी दुसऱ्या. हे नवीन नाही, ती दहा वर्षांची झाल्यापासून माझ्या पुढेच आहे.

आता सांग, सूट कोणी घालायचा?

तुझी,
मोठी

———

१६ मार्च

माझ्या मोठे,

तुझं पत्र खिडकीतल्या उजेडात दोनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं, दुसऱ्यांदा हसू आलं. मी पोहायला शिकले ते तिशी उलटल्यावर. तलावावर बायकांच्या कपड्यांची राखण करत काठाला बसायचे, दुसऱ्यांची पोरं कशी हातपाय मारतात ते बघायचे, आणि गर्दी गेली की तुझ्या बापाची जुनी पॅन्ट कमरेला बांधून उतरायचे. ती पॅन्ट इतकं पाणी प्यायची की मी पोहत होते की पॅन्ट धूत होते, सांगता येत नव्हतं. आणि आता म्हणे कपडाच माणसाला पोहवतो. मग उद्या पदक पण खुंटीला अडकवा.

पण मी म्हातारी काठावर बसून बोलणार. बाकीच्या मुली तसले सूट घालून येणार असतील, तर माझ्या पोरींनी का मागे राहावं? ज्या गावाला जायचं त्या गावची चप्पल. तेव्हा घाला.

कोणी घालायचा हा प्रश्न तरी कसा पडला तुला? आपल्या घरात जे चालत आलंय तेच. आधी मोठी, मग धाकटी. स्वेटर असो, दप्तर असो, तुझं झालं की तिला. तिनं कधी कुरकुर केली नाही, आणि तूही तिच्यासाठी वस्तू जपूनच वापरलीस. एकदा तर बूट तिला यायचे म्हणून तू भर पावसात हातात धरून आणले होतेस. यात तर सोय पण आहे. तुझी हीट आधी, तिची नंतर. मध्ये वेळ मिळेल ना? सरांना विचार. मिळत असेल तर तुझं झालं की लगेच उतरव आणि तिला चढव. दोघी बहिणी आहात, ओढायला तिसरी लागणार नाही.

जिची वेळ चांगली येईल ती जाईल. दोघी एकाच कपड्यात पोहलात म्हणजे कोणाला कोणाबद्दल काही म्हणायला जागा नको. तुमच्या आईला शेवटच्या दिवसांत मी शब्द दिला होता की दोघींच्या ताटात सारखं वाढीन. आजवर वाढलंय.

जेवत जा. धाकटीला सांग, पत्राला उत्तर म्हणून नुसतं चित्र काढून पाठवू नकोस, चार अक्षरं पण लिही.

तुझी आत्या

———

२ एप्रिल

प्रिय आत्या,

माझी निवड झाली.

हे लिहितानासुद्धा खरं वाटत नाही. पहिल्या हीटमध्ये मी पहिली आले, आणि फलकावर वेळ बघितली तर ती माझी नव्हतीच मुळी, दुसऱ्याच कोणाची तरी वाटली. इतकी खाली मी कधी आलेच नव्हते. शिट्टी सरांची शिट्टी तोंडातून गळून पाण्यात पडली. आरशानं माझे फोटो काढले.

पुढचं सांगायचं म्हणजे, ठरल्याप्रमाणे मी सूट उतरवायला गेले, पण पाठीवरची चेन अडकली. ओल्या अंगावर तो इतका घट्ट बसतो की काही केल्या निघेना. फाटला असता तर दोघींचंही गेलं असतं. तेवढ्यात धाकटीच्या हीटची शिट्टी झाली, आणि ती तिच्या रोजच्या कॉस्च्युममध्येच उतरली. तरी तिच्या हीटमध्ये ती पहिली आली. दोन्ही हीट मिळून मात्र माझ्यापेक्षा तीन सेकंद मागे.

मला वाईट वाटलं, आत्या. पण खेळ आहे. ती माझ्याशी तेव्हापासून बोलत नाही. परवा मी शिबिराला निघाले तेव्हा बसपर्यंत आली, माझी बॅग वर ठेवली, आणि काही न बोलता वळली. तू तिला समजाव. तुझं ती ऐकते.

शिबिराचा पत्ता मागे लिहिलाय.

तुझी,
मोठी

———

९ एप्रिल

धाकटे,

ताईची बातमी कळली. तलावावर मी सगळ्या बायकांना सांगितलं. ज्यांना पाण्याची भीती म्हणून कमरेच्या वर भिजत नाहीत, त्यासुद्धा टाळ्या वाजवून गेल्या.

पण तुझं वागणं कळलं आणि तोंडातली साखर कडू झाली. चेन अडकली यात तिचा काय दोष गं? कपड्याला काय डोळे असतात? बहीण पहिल्यांदा एवढी मोठी होऊन निघाली, आणि तू तिला निरोपाचा एक शब्द दिला नाहीस. आजवर तूच पुढे होतीस. तेव्हा ती रुसून बसली होती का? प्रत्येक वेळी तुझा टॉवेल घेऊन काठावर उभी राहायची. हरल्यावर माणसाची खरी परीक्षा होते म्हणतात, आणि माझी धाकटी त्यात नापास झाली असं मला वाटलं.

मी तुला कधी रागावत नाही. आज रागावते आहे, तिच्यासाठी नाही, हे तुला शोभत नाही म्हणून. आज बसून ताईला चार ओळी लिही. अभिनंदन म्हण. पुढच्या वर्षी तुझी पाळी येईल, कुठे आभाळ फाटलंय?

सरांना विचारून तो सूट माझ्याकडे पाठव. चेन नीट करून देते. चेनला मेण लावलं की ती लोण्यासारखी सरकते, हे त्या कंपनीवाल्याला कोणी सांगितलं नसणार.

तुझी आत्या

———

२० एप्रिल

आत्या,

तू रागावलीस म्हणून लिहिते आहे. एरवी लिहिणार नव्हते. वाचलंस की फाडून टाक, आणि ताईला मी सांगितलं असं कळू देऊ नकोस.

सूट पाठवत नाही, कारण त्याची चेन चांगली आहे. त्याच संध्याकाळी दुसऱ्या क्लबातल्या एका मुलीनं तो घालून बघितला. वरखाली दोनदा ओढली चेन. कुठे अडकत नाही.

ताई पाण्यातून बाहेर आली तेव्हा मी काठावर तयारच होते. पायात पिशव्या घातलेल्या, हातात मोजे. मध्ये मुलांच्या दोन मोठ्या शर्यती होत्या, भरपूर वेळ होता. तिनं फलकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हसली नाही. आरशानं फोटो काढले तेव्हा मी बाजूला थांबले. मग ती कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि शेवटच्या संडासात शिरून आतून कडी लावली. मी बाहेर. मला वाटलं, लागली असेल. दाराखाली फट असते ना, तिथून तिचे पाय दिसत होते. घोट्यापर्यंत काळे, चकचकीत. अजिबात हलत नव्हते. चेन ओढायचा आवाज नाही, पाण्याचा नाही. मी म्हटलं, "ताई, दार उघड, मी ओढते." ती आतून म्हणाली, "नको, अडकलीय, फाटेल." मी म्हटलं, "फाटू दे."

मी तिथे उभी होते, आत्या. बाहेर आधी मुलांची एक शर्यत झाली, मग दुसरी. माझं नाव पुकारलं तेव्हा मी पिशव्या काढल्या आणि माझा जुना कॉस्च्युम घातला, मागे विटलेला तो. माझ्या दोन्ही बाजूंच्या मुली काळ्या सुटात होत्या. त्यांच्या पुढे आले. पण ताईच्या पुढे येता आलं नाही.

बोलत नाही ते रागानं नाही. काय बोलायचं तेच कळत नाही. बोलायला गेले तर चेन कशी अडकली हे विचारावं लागेल, आणि मग तिला परत खोटं सांगावं लागेल.

चित्र काढलं नाही या वेळी.

धाकटी

———

२९ एप्रिल

मोठे,

शिबिरातलं जेवण, झोप, पाणी कसं आहे ते लिही. पाण्यात औषध जास्त असेल तर डोळे चुरचुरतात, आल्यावर आधी साध्या पाण्यानं धुवायचे.

धाकटी परीक्षा झाली की घरीच येणार म्हणते. क्लब सोडला. मी कारण विचारलं नाही.

एक विचारते. ती चेन नेमकी कुठे अडकली? मधे, की मानेजवळ? मला उगाच आपलं चुटपुट लागून राहिलंय. तू आठवून सांग. घाई नाही. खरं आठवेल तेव्हा लिही. मी वाट बघते, आणि जे लिहिशील ते मी वाचून घेईन. तुला पाठीवर घेऊन पहिल्यांदा खोल पाण्यात नेलं तेव्हा तू माझ्या कानात म्हणाली होतीस, आत्या, मी घाबरलेय पण कोणाला सांगू नको. मी आजवर सांगितलेलं नाही. तसंच समज.

तुझी आत्या

———

१८ ऑगस्ट

आत्या,

साडेतीन महिने मी तुझं पत्र उशाखाली ठेवून झोपले. दर रविवारी उत्तर लिहायला बसायची आणि हवापाणी लिहून फाडायची.

मोठी स्पर्धा झाली. मी खालून दुसरी आले. तिथे सगळ्याजणींकडे सूट होते, माझ्यापेक्षा नवे, आणि सगळ्या सारख्या झाल्यावर मी पुन्हा आपली होते तेवढीच उरले. आरसा मला ओळख न दाखवता समोरून गेला.

चेन अडकली नव्हती. तुला माहीतच आहे. धाकटीनं सांगितलं असेल किंवा तू नुसत्या माझ्या अक्षरावरून ओळखलं असशील, मला दोन्ही सारखंच.

पण तू ऐक. पूर्ण ऐक, मग काय म्हणायचं ते म्हण. फलकावर ती वेळ बघितली आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की जन्मात पहिल्यांदा मी तिच्या पुढे आहे, आणि हे अर्ध्या तासात संपणार आहे. सूट मीच माझ्या हातानं तिच्या अंगावर ओढायचा, चेन मीच लावायची, आणि मग काठावर टॉवेल घेऊन उभं राहायचं. तू नेहमी म्हणतेस ना, मी कधी रुसले नाही म्हणून? रुसायची सोयच नव्हती. मोठी रुसत नाही. मोठीनं टॉवेल धरायचा असतो. दारामागे बसले तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं. एवढंच वाटत होतं, अजून थोडा वेळ, अजून थोडा वेळ. ती दार वाजवत होती. मग तिचं नाव पुकारलं आणि वेळ संपली.

आणि न्याय म्हणशील, तर न्याय कुठे होता? ज्या क्लबाला आरशानं सूट दिला नाही, त्यांच्या मुली तर शर्यतीआधीच हरल्या होत्या. आम्हा दोघींत एक दिला, तो तरी कुठला न्याय? दोघींच्या ताटात सारखं वाढायचं म्हणालीस, पण इथे ताटच एक होतं, आत्या.

मी माफी मागत नाही. मागितली तर ती माफ करील, आणि मग मला तिच्यासमोर आयुष्यभर तसंच राहावं लागेल.

मोठी

———

६ फेब्रुवारी

मोठे,

तुझ्या ऑगस्टच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. रागानं नाही. मला लिहायला सापडेना. तू लिहिलेलं सगळं खरं होतं, आणि तरी तुझ्या बाजूनं उभं राहायला माझे पाय उठेनात. दोघींमधली एक चुकली असती तर मला कळलं असतं. इथे माझा हात पण तुमच्याबरोबर भाजला आहे, कारण आधी मोठी, मग धाकटी हे मीच लिहून दिलं. जुना स्वेटर आणि हा कपडा यांत फरक आहे हे मला कळायला हवं होतं. स्वेटर अंगातून काढला की माणूस तेवढंच राहतं.

आता मुद्द्याचं. नव्या वर्षापासून ते सगळे सूट बंद झाले, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. आता साधं कापड, गुडघ्यापर्यंतच. शिट्टी सर मुद्दाम इथे येऊन सांगून गेले. मी म्हटलं, चला, देर आए. पण सर म्हणाले, कपडा गेला, वेळा राहिल्या. हत्ती गेला, शेपूट राहिलं. त्या कपड्यात जे जे विक्रम झाले ते पुसणार नाहीत. आणि आपल्याकडे निवडीचा नियम असा, की गेल्या वर्षी निवडलेल्या मुलीची जी वेळ, तिच्या आत जी येईल तिलाच यंदा घेणार. म्हणजे तुझी ती वेळ.

धाकटी पुन्हा पोहते आहे. मी तिला बोलले नाही, ढकललं नाही. एक दिवस पहाटे मी तलावाचं कुलूप काढायला गेले तर ती पायरीवर बसलेली. तेव्हापासून रोज येते. कापडाच्या कॉस्च्युममध्ये ती आज जेवढी जोरात पोहते, तेवढी जन्मात कधी पोहली नव्हती. सर म्हणतात, सगळ्या देशात या घटकेला पाठीवर तिच्यापुढे कोणी नाही. पण तुझ्या त्या वेळेच्या आत ती येणार नाही. कापडात कोणीच येणार नाही. तूसुद्धा नाही.

सरांनी समितीला विचारलं. ते म्हणाले, जिची वेळ आहे तिनं स्वतः लिहून दिलं, की ही वेळ सुटामुळे आली, ती निवडीसाठी धरू नये, तर आम्ही कापडातली वेळ धरू. तेवढं एक पान तू लिही. दारामागचं काही लिहायला नको. ते आपल्या तिघींतच राहील. फक्त सुटाचं लिही, ते सगळ्या जगाला माहीतच आहे.

तू माझ्याकडे आजवर काही मागितलं नाहीस, मीही तुझ्याकडे मागितलं नाही. हे मागते आहे. निवड मार्च संपता संपता आहे.

तुझी आत्या

———

२५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नाही.

पुढे काय लिहू ते कळेना म्हणून पान दोन दिवस तसंच ठेवलं होतं. तुला वाटेल किती दगड झाली. पण तू इथे येऊन बघ. त्या निवडीच्या जोरावर मला इथल्या मोठ्या तलावावर शिकवायची नोकरी लागली. शिरताना उजव्या हाताला माझा फोटो आहे, त्याच सुटातला, आणि खाली ती वेळ रंगवलेली. रोज मुलं त्या आकड्यावर बोट ठेवतात आणि मला विचारतात, बाई, एवढं जोरात कसं पोहायचं? मी सांगते, खांदे सैल ठेवा. दुसरं काय सांगू? उद्या मीच लिहून दिलं की ती वेळ कपड्याची होती, तर ती मुलं कोणाकडे शिकायला येतील, कपड्याकडे?

आणि मीच का? साऱ्या जगात त्या एका वर्षाचे आकडे पाट्यांवर तसेच आहेत. ज्यांची नावं आहेत त्यांतली एक तरी म्हणाली का, माझं नाव पुसा? पुसायचं तर सगळ्यांचं पुसा, मी दुसऱ्या दिवशी स्वतः फडकं घेऊन उभी राहीन. एकट्या माझ्या अंगावर धुवायला पाणी का टाकता?

धाकटी चांगली पोहते, मला माहीत आहे. तू सांगायची गरज नव्हती. ती चांगली पोहते हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही.

एक विचारायचं होतं. मेमध्ये मला सुट्टी आहे. घरी येऊ का? इथे सगळं आहे, पण मला कोणी तू म्हणत नाही.

तुझी,
मोठी

———

८ एप्रिल

मोठे,

निवडीला मी धाकटीबरोबर गेले होते. पत्रात सगळं लिहिते, तुला कोणाकडून ऐकायला नको.

या वेळी हीट एकच होती. सगळ्याजणी कापडात. धाकटी पहिल्या वळणालाच पुढे गेली आणि शेवटच्या लांबीला तिच्या बाजूच्या लेनमध्ये नुसतं पाणी होतं, मुलगी नव्हती. भिंतीला हात लागला तेव्हा दुसरी अजून मधेच होती. माझ्याशेजारी एक म्हातारे पंच बसले होते, ते उभे राहिले. मग फलकावर वेळ आली. गेल्या वर्षीच्या तिच्या स्वतःच्या वेळेपेक्षाही चांगली. तुझ्या वेळेपेक्षा अर्थातच कमी पडली.

समितीचा माणूस माइकवर आला आणि म्हणाला, या प्रकारात पात्रतेची वेळ कोणीही गाठली नाही, त्यामुळे यंदा जागा रिकामी राहील. असं सांगितलं, जसं दुकानात सांगतात, आज माल आला नाही. दुसरी कोणी गेली असती तर मला एवढं लागलं नसतं. जागा होती, पोरगी होती, आणि दोघींच्या मध्ये जो कपडा होता तो आता दुकानातही मिळत नाही.

धाकटी पाण्यातच होती. काठाला हात लावून तिनं ते ऐकलं. मग वर आली, माझ्याकडून टॉवेल घेतला, आणि म्हणाली, "आत्या, परतीची गाडी किती वाजता आहे?" गाडीत तिनं पाव खाल्ला, माझ्या वाटणीचापण खाल्ला, आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी रडले ते तिला कळलं नाही. कळलं असेल तर तिनं कळू दिलं नाही.

तुझं नाही म्हणणारं पत्र मी तिला दाखवलं नव्हतं. उत्तर आलं नाही, टपाल उशिरा येतं, असं सांगत राहिले. ती म्हणायची, हो, येत असेल. निवडीच्या आदल्या दिवसापर्यंत ती पोस्टमन दिसला की दारात येऊन उभी राहायची. एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. टोचावं म्हणून नाही. टोचलं तर त्याला माझा इलाज नाही.

आता ती तलावावर लहान मुलांचा वर्ग घेते. स्पर्धेचं नाव काढत नाही. शिट्टी सर दोनदा येऊन गेले, चहा पिऊन गेले. मी काही बोलत नाही. वाढायचं काम माझं, भरवायचं नाही.

तू येऊ का विचारलंस. वेडे, घर काय समितीचं आहे, विचारून यायला? मी तुझ्या बाजूनं नाही, आणि तरी तुझी आत्या आहे. दोन्ही एका वेळी कसं असतं ते मला या वर्षी कळलं. म्हातारपणी एवढं शिक्षण झालं नसतं तरी चाललं असतं.

तू मेमध्ये येणार हे मी धाकटीला काल सांगितलं. ती भांडी पुसत होती. पुसत राहिली. मग म्हणाली, ताईला खिडकीजवळची जागा लागते, तिथेच घालू. आज सकाळी मी तलावावरून आले तर तिनं तुझी गादी खाली ओढून काढली होती, एकटीनं, आणि उन्हात टाकून काठीनं झोडपत होती. मी म्हटलं, अजून महिना आहे. ती म्हणाली, दमट झालीय, ऊन लागायला वेळ लागतो.

ती तुला काही विचारणार नाही. चेनचं नाही, पत्राचं नाही. जेवायला बोलावील, ताई म्हणेल, पांघरूण देईल. गादी तयार आहे. तिच्यावर तुला झोप येते का, ते तू येऊन बघ.

तुझी आत्या